नेसरीच्या आभाळातले चालते तारे

शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीची असली की नेसरीच्या शिवारात उजाडायच्या कितीतरी आधी माणसं जागी असतात. हातात खोरं, डोक्याला बॅटरी. एक सरी भरून पाणी दुसरीत वळवेपर्यंत हाताला काही काम नसतं, मग नजर आपोआप वर जाते. पहाटेचे पाच वाजत आलेले असतात आणि आभाळभर सांडलेल्या चांदण्यांतली एक चांदणी चालायला लागते. विमान म्हणावं तर आवाज नाही, लाल-हिरवा दिवा नाही, लुकलुक नाही. तारा तुटला म्हणावं तर तुटलेला तारा डोळ्याचं पातं लवेपर्यंत विझतो. ही चांदणी मात्र एकाच चालीनं तीन-चार मिनिटं चालत राहते आणि उसाच्या तुऱ्यांमागं जाते.

तो उपग्रह असतो. शहरातल्या माणसाला तो बघायचा तर गाडी काढून गावाबाहेर जावं लागतं. उसाला पाणी पाजणाऱ्याला तो फुकटात दिसतो, पण बहुतेक वेळा ओळख पटत नाही.

नेसरी गडहिंग्लज तालुक्यात, चंदगडच्या वाटेवर आहे. शिवाजी महाराजांचे सेनापती प्रतापराव गुजर जिथं लढले त्या खिंडीमुळं गावाचं नाव महाराष्ट्रभर ठाऊक आहे. आकाश बघणाऱ्याच्या दृष्टीनंही गावाची जागा चांगली. आग्नेयेच्या क्षितिजावर बेळगावच्या दिव्यांचा उजेड चढतो, उत्तरेला गडहिंग्लजचा. पश्चिमेला मात्र आजरा-आंबोलीकडचं रान आणि सह्याद्रीच्या रांगा असल्यानं तिकडचं आभाळ अजून काळंभोर राहिलं आहे. संध्याकाळी उपग्रह बघायला नेमकी हीच दिशा लागते.

त्याचं कारण उपग्रहाच्या उजेडात आहे. उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. सामानगडाच्या पायथ्याला दिवेलागण झाली तरी माथ्यावर थोडा वेळ ऊन रेंगाळतं, तसंच हे आहे. फरक एवढाच, की इथला माथा चारशे किलोमीटर उंच असतो. नेसरीत सूर्य मावळून अंधार पडलेला असतो, पण तेवढ्या उंचीवर सूर्य अजून दिसत असतो. त्या उन्हात उपग्रहाचे धातूचे पत्रे आणि सौरपंखे चमकतात. सूर्यास्तानंतर साधारण सव्वा ते दीड तासानं पृथ्वीची सावली डोक्यावरच्या चारशे किलोमीटरपर्यंत चढते आणि तिथले उपग्रह दिसेनासे होतात. पश्चिमेच्या बाजूला ते आणखी थोडा वेळ दिसतात. मध्यरात्री कमी उंचीवरचे उपग्रह डोक्यावरून जातच असतात, पण ते सावलीत असतात. पहाटे हाच खेळ उलट्या क्रमानं होतो. उन्हाळ्यात उत्तर युरोपात रात्रभर उपग्रह दिसत राहतात, कारण तिथं सूर्य क्षितिजाखाली फार खोल जात नाही. नेसरीचा अक्षांश सोळा अंशांच्या आसपास आहे, इथं सूर्य सरळ खाली उतरतो. त्यामुळं संध्याकाळचे दीड-दोन तास आणि पहाटेचे तेवढेच, ही उपग्रहांची वेळ.

म्हणूनच कधीकधी पश्चिमेकडून ऐटीत निघालेला ठिपका भर आकाशात, एकही ढग नसताना, हळूहळू लाल होत विझतो. तो पडलेला नसतो की जळालेला नसतो, पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. अंतराळात तेवढ्यापुरता सूर्यास्त झालेला असतो आणि तो खालून बघायला मिळतो.

यातला सगळ्यात ठसठशीत म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. फुटबॉलच्या मैदानाएवढा पसारा, सव्वाचारशे टनांच्या घरातलं वजन, आणि सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून ताशी साडेसत्तावीस हजार किलोमीटरच्या वेगानं दीड तासात पृथ्वीला एक फेरी. जवळून गेलं की ते शुक्राच्या चांदणीइतकं झळकतं. वायव्येकडून आग्नेयेकडं किंवा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडं जातं आणि जास्तीत जास्त सहा मिनिटांत आकाश ओलांडतं. नोव्हेंबर २०००पासून या स्थानकात माणूस नाही असा एकही दिवस गेलेला नाही. २६ जून २०२५ रोजी शुभांशू शुक्ला तिथं पोहोचले आणि पुढचे अठरा दिवस नेसरीवरून जाणाऱ्या त्या ठिपक्यात एक भारतीय होता. पण तो नेमका आषाढ होता! चंदगड-आजऱ्याच्या पट्ट्यात आषाढात सूर्यच आठवड्यातून एखाद्या वेळी दिसतो, तिथं अंतराळ स्थानकाची काय कथा.

ते कधी दिसणार हे आता आधी कळतं. नासाची ‘स्पॉट द स्टेशन’ ही सोय आहे, ‘हेवन्स-अबव्ह’ हे संकेतस्थळ आहे. गावाचं ठिकाण दिलं की कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी, कोणत्या दिशेला आणि किती उंचीवर, हे सगळं मिळतं. सांगितलेल्या मिनिटाला सांगितलेल्या झाडामागून तो ठिपका वर आला की अंगणात जमलेली पोरं ओरडतात. दुर्बीण लागत नाही, किंबहुना अडचणच करते, कारण ती रोखेपर्यंत स्थानक पुढं गेलेलं असतं.

बाकीचे उपग्रह त्यामानानं मंद. त्यांची ओळख चालीवरून आणि दिशेवरून पटते. बरोबर उत्तर-दक्षिण जाणारा बहुधा पृथ्वीची पाहणी करणारा असतो, इस्रोच्या कार्टोसॅट मालिकेतले उपग्रह असेच ध्रुवांवरून फिरतात. पश्चिमेकडून पूर्वेकडं जाणारे पुष्कळ, कारण पृथ्वीच्या फिरण्याचा वेग आयता मिळावा म्हणून रॉकेट बहुधा पूर्वेकडं उडवतात. उलटे, पूर्वेकडून पश्चिमेकडं जाणारे फार थोडे. इस्राईल आपले ओफेक उपग्रह मुद्दाम पश्चिमेकडं, भूमध्य समुद्रावरून सोडतो. पूर्वेला शेजाऱ्यांच्या घरांवर रॉकेटचे तुकडे पडायला नकोत म्हणून. काही ठिपके ठरावीक वेळानं उजळतात आणि मंद होतात. ती काम संपलेल्या रॉकेटची रिकामी नळकांडी असतात, कोलांट्या खात फिरणारी. टीव्हीच्या छत्रीला सिग्नल देणारे उपग्रह मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ते छत्तीस हजार किलोमीटरवर, आकाशात एका जागी खिळल्यासारखे असतात.

माणसानं बनवलेली वस्तू आकाशात शोधण्याचा हा छंद ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक उडालं तेव्हापासूनचा. गंमत म्हणजे स्पुटनिक हा अवघा ५८ सेंटिमीटरचा गोळा होता. जगभरातल्या लोकांनी ‘स्पुटनिक पाहिलं’ म्हणून जे पाहिलं ते बहुतेक त्याच्या मागोमाग फिरणारं रॉकेटचं मोठं नळकांडं होतं. पुढं जुलै १९७९मध्ये अमेरिकेची स्कायलॅब ही अंतराळ प्रयोगशाळा खाली येणार म्हटल्यावर महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत धास्ती पसरली होती. ती अखेर हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडली. आजही साठी-सत्तरीतल्या माणसांना ‘स्कायलॅब’ म्हटलं की ते दिवस आठवतात.

स्कायलॅब चुकली, पण महाराष्ट्राच्या वाट्याला असा प्रसंग आलाच. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमाराला महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांतून आणि मध्य प्रदेशातूनही लोकांना आकाशात जळत जाणाऱ्या रेघा दिसल्या. एकामागं एक, एकाच दिशेनं, सावकाश. सणाची संध्याकाळ असल्यानं माणसं अंगणात होती, मोबाइल हातात होते. काही मिनिटांत चित्रफिती गावोगाव पोहोचल्या. कुणी उल्का म्हटलं, कुणी विमान, कुणी क्षेपणास्त्र. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. पुढं आसपासच्या भागात धातूचे पोकळ गोळेही सापडले. कुणाला इजा झाली नाही. अवकाशातल्या वस्तूंचा हिशेब ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी ते फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या चीनच्या ‘चँग झेंग ३बी’ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष असावेत असं सांगितलं. वर्षभर पृथ्वीभोवती फिरून ते नळकांडं वातावरणात घसरलं होतं. बाकीचा पत्रा जळून गेला, पण दाबाखालचा वायू भरायच्या टाक्या उष्णतेला दाद न देणाऱ्या धातूच्या असतात, त्या आणि ते कडं तेवढं खाली आलं.

त्या रात्रीनं शिकवलेला फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. उल्का सेकंद-दोन सेकंदांत संपते. रॉकेटचा किंवा उपग्रहाचा सांगाडा जळत खाली येतो तेव्हा तो मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त वेळ दिसत राहतो, तुटत जातो आणि सगळे तुकडे एकाच वाटेनं चालतात. असं काही शेतात पडलेलं दिसलं तर त्याला हात लावू नये, पोलिसांना कळवावं. टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो.

अलीकडं मात्र फोनाफोनी होते ती दुसऱ्याच एका दृश्यामुळं. दिवेलागणीनंतर पश्चिमेकडून दिव्यांची माळ निघते, रेल्वेचे डबे जोडल्यासारखी. वीस, तीस, चाळीस ठिपके एका रांगेत. ही स्टारलिंकची माळ. इलॉन मस्क यांच्या कंपनीनं मे २०१९मध्ये साठ उपग्रहांची पहिली खेप सोडली, त्यानंतर खेपांमागून खेपा उडाल्या आणि आज तिचे हजारो उपग्रह फिरत आहेत. एका रॉकेटमधून बाहेर पडल्यावर पहिले काही दिवस ते एकमेकांच्या जवळ आणि कमी उंचीवर असतात, तेवढ्यापुरती माळ दिसते. मग प्रत्येक जण हळूहळू साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आपल्या जागी चढतो, माळ विस्कटते आणि ठिपकेही मंदावतात. ज्यांनी ती पाहिली त्यांना पुन्हा तशीच दिसत नाही याचं कारण हेच.

आकाशाचा अभ्यास करणारे या माळांवर नाराज आहेत. मोठ्या दुर्बिणींच्या छायाचित्रांवर पांढऱ्या रेघा उमटतात, विशेषतः संध्याकाळच्या आणि पहाटेच्या, आणि पृथ्वीजवळ येणारे लघुग्रह शोधायची वेळही तीच असते. कंपनीनं उपग्रहांवर उजेड कमी परतवणारे उपाय केले, तरी संख्या वाढतच आहे. दुसऱ्या बाजूला नोव्हेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र सरकारनं याच कंपनीशी इरादापत्र केलं. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव अशा जिल्ह्यांत इंटरनेट पोहोचावं हा त्यामागचा उद्देश. दुर्गम वाडीतल्या शाळेला इंटरनेट हवंच, त्याला नाही म्हणता येत नाही. पण आकाशही त्याच वाडीचं आहे, आणि त्याची किंमत कुठल्याच इरादापत्रात लिहिलेली नसते.

ठिपका दिसला की घाबरायचं कारण नाही, हे सांगावं लागतं याचाही अनुभव ताजा आहे. २०२४च्या पावसाळ्याच्या आगेमागे पुणे जिल्ह्यापासून मराठवाड्यापर्यंत रात्रीच्या ड्रोनच्या बातम्यांनी गावंच्या गावं जागी राहिली. चोर टेहळणी करतात म्हणून तरुणांनी गस्त घातली. खरे ड्रोन होतेच, पण वर दिसणारं प्रत्येक हलतं टिंब ड्रोन नसतं. ड्रोन थांबतो, वळतो, खाली-वर होतो आणि जवळ असला तर घोंघावतो. विमानाचे दिवे ठरावीक ठेक्यावर लुकलुकतात. नेसरीच्या आभाळात गोव्याच्या, बेळगावच्या आणि कोल्हापूरच्या विमानांची ये-जा असतेच. उपग्रह थांबत नाही, वळत नाही. आणि अजिबात न हलणारा, नुसता चमचमणारा ठिपका क्षितिजाजवळ दिसला तर तो शुक्र किंवा व्याध असण्याची शक्यता मोठी. व्याध क्षितिजाजवळ असताना लाल, निळा, हिरवा असे रंग बदलतो, कारण त्याचा उजेड हवेच्या जाड थरांतून येतो.

उपग्रहांची वाट बघताना बाकीचं आकाश आपोआप पाठ होतं. खेड्यातल्या माणसाला त्यातलं पुष्कळ आधीच ठाऊक असतं, नावं तेवढी वेगळी. पुस्तकातलं मृग नक्षत्र आणि त्याच्या पोटात घुसलेला बाण, तेच शेतकऱ्यांचं तिकांडं. सप्तर्षींच्या चार ताऱ्यांची बाज आणि ती चोरायला निघालेले तीन चोर ही कल्पना कितीतरी लोकसमूहांत आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भातल्या गोंड गावांत फिरून ती नोंदवली आहे. मृगाचं मात्र एक कोडं आहे. ७-८ जूनला मृग लागतो, पेरणीची घाई होते, पण त्या दिवसांत आकाशात मृग शोधून सापडत नाही. मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात गेला, मग नक्षत्र दिसणार कसं? ते बघायचं डिसेंबर ते मार्चमध्ये.

दक्षिणेचं आकाश ही तर नेसरीची खास मिळकत. ध्रुव इथं उत्तरेला फक्त सोळा अंशांवर, जवळजवळ झाडाच्या शेंड्याला टेकलेला. उत्तरेकडं जे गेलं ते दक्षिणेकडं मिळतं. अगस्ती हा आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा लंडनमधून कधीच दिसत नाही. नेसरीतून तो एकवीस अंशांपर्यंत वर येतो. अगस्तीचा उदय झाला की पाणी निवळतं, असं जुन्या ग्रंथांतही आहे आणि लोकांतही. त्याचा पहाटेचा उदय आणि पावसाचा जोर ओसरणं, दोन्ही जवळपास एकाच सुमाराला येतं. मे महिन्याच्या मध्याला रात्री साडेनऊच्या आसपास दक्षिण क्षितिजावर त्रिशंकूचा चार ताऱ्यांचा पतंग उभा राहतो. दिल्लीतून तो पुरता वर येतच नाही. त्याच्या डावीकडं मित्र आणि मित्रक ही ताऱ्यांची जोडी. तासाभरानं त्यांच्या वरच्या बाजूला एक धूसर ठिपका दिसतो. साध्या द्विनेत्रीतून तो कापसाच्या बोंडासारखा फुगलेला दिसतो. ओमेगा सेंटॉरी हा लाखो ताऱ्यांचा गुच्छ तो हाच. वळिवाचे ढग आडवे आले नाहीत तर.

ढगांचं गणित इथं कायमचं. ऑगस्टचा ययातीचा उल्कावर्षाव जगभर गाजतो, तो नेसरीच्या वाट्याला जवळजवळ येतच नाही. त्याची भरपाई डिसेंबरमध्ये होते. १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्का सुटतात. फेथॉन नावाच्या लघुग्रहानं वाटेत सांडलेल्या धुळीतून पृथ्वी जाते म्हणून. तेव्हा आकाश धुतल्यासारखं स्वच्छ असतं, थंडी असते, आणि मध्यरात्रीनंतर घोंगडं पांघरून खळ्यात आडवं झालं की काही मिनिटांच्या अंतरानं तारे तुटताना दिसतात. त्या दिवशी चंद्र मोठा नसावा एवढंच. कोजागरीला दूध प्यावं, चांदणं अनुभवावं, पण तारे बघायला तीच वर्षातली सगळ्यात वाईट रात्र.

डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उघडला की ती वीस मिनिटं वाया जातात. बॅटरीवर लाल कागद लावला तर काम भागतं. इतक्या अंधारातही आकाश पूर्ण काळं वाटत नाही, ते का, याचा अभ्यास कोल्हापुरातच चालत आला आहे. वातावरणाच्या वरच्या थरातले अणू रात्रभर मंद उजेड सोडत असतात. या वायुदीप्तीची नोंद भारतीय भूचुंबकत्व संस्थेनं कोल्हापुरात उपकरणं बसवून ठेवली आहे. शिवाजी विद्यापीठाचं अवकाश संशोधन केंद्रही पन्हाळ्यावर आहे.

वायुदीप्ती निसर्गाची, ती राहणारच. चौकातला हायमास्ट मात्र माणसाचा. गावोगाव पांढरे एलईडी दिवे लागले ही सोय झाली, अंधारातल्या सापा-विंचवांच्या भीतीपुढं ताऱ्यांचं कौतुक कुणी ऐकून घेणार नाही, आणि घेऊही नये. पण यातले कितीतरी दिवे रस्त्याइतकेच आभाळालाही उजेड देतात, आणि त्या उजेडाचं बिल ग्रामपंचायत भरते. यावरचा तोडगा महाराष्ट्रातच झालेला आहे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारीसारख्या जंगलालगतच्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा उजेड फक्त जमिनीकडं वळवण्यात आला. गाव अंधारात गेलं नाही, आभाळ मात्र परत मिळालं. नेसरीला व्याघ्र प्रकल्प नाही, पण दिव्याला टोपी बसवायला वाघ लागत नाही.

नेसरीच्या खिंडीची आठवणही एका अंधाऱ्या रात्रीशी जोडलेली आहे. तिथली लढाई २४ फेब्रुवारी १६७४ची, महाशिवरात्रीच्या दिवसाची. ही तारीख जुन्या इंग्रजी दिनदर्शिकेची, आजच्या दिनदर्शिकेनं तो ६ मार्च येतो. प्रतापराव आणि त्यांचे सहा साथीदार विजापूरच्या बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, त्या दिवसाची रात्र अमावास्येच्या तोंडावरची, बिनचंद्राची होती. महाशिवरात्र आजही तशीच येते, चंद्र पहाटेशिवाय उगवत नाही. त्या दिवशी खिंडीतल्या स्मारकावर येणारे बहुतेक जण दिवस मावळायला परत निघतात. यंदा त्यांनी आठ वाजेपर्यंत थांबावं. त्या वेळी मृग माथ्यावर असतो, त्याच्या खाली व्याध, आणि दक्षिणेला खिंडीच्या आभाळात अगस्ती आपल्या सगळ्यात उंच जागी आलेला असतो.